दुसऱ्या व्हिजिटचे पैसे

परवा मी आयुष्यात पहिल्यांदा तर्री-पोह्यांना नाही म्हटलं... आणि तेही सदरला, मोहनभाऊंच्या दुकानात!

मी पियानो ट्यून करतो. हे सांगितलं की अर्धे लोक विचारतात, "म्हणजे कॅसिओ का?" असो. मोहनभाऊ पियानो विकतात आणि गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन सूर लावायचं काम सहा वर्षांपासून माझ्याकडे आहे. एका पियानोमागे एक ठरलेली रक्कम, बस्स.

भानगड आहे ती कूलरची. उन्हाळा लागला की त्याची दमट हवा थेट पियानोवर... पंधरा दिवसांत सूर बिघडलाच समजा. मग दुकानात तक्रार, आणि मी सक्करदऱ्याच्या माझ्या घरून पुन्हा जाऊन तीन तास फुकटात राबणार. बायको म्हणते, "फुकट जाता, म्हणून तर बोलावतात." खरंच आहे.

दुसऱ्या व्हिजिटचे वेगळे पैसे मागायचे, हे मी तीन वर्षं ठरवतोय. पण दुकानात शिरलो की मोहनभाऊ पोहे मागवतात, वरून आणखी तर्रीचा झणझणीत रस्सा घालायला लावतात, घरच्या सगळ्यांची चौकशी करतात... त्यांचं खाऊन झाल्यावर पैशाचं बोलायला माझी जीभच रेटत नाही.

म्हणून परवा आल्या आल्या म्हटलं, "भाऊ, पोहे नको. आधी बोलायचं आहे."

त्यांचा चेहराच उतरला. "काहून गा? दुसऱ्या दुकानाचं काम धरलं काय?"

मी गडबडलो. घरून घोकून आणलेलं सगळं विसरलो आणि एका दमात बोलून टाकलं, की कूलरमुळे परत जावं लागलं तर अर्धे पैसे वेगळे घेईन, तुम्ही द्या नाहीतर गिऱ्हाइकाने द्यावेत.

मोहनभाऊंनी सरळ फोन उचलला. वर्धा रोडच्या एका मॅडमची तक्रार सकाळीच आली होती.

"मॅडम, कूलर पियानोसमोरून हटवा. माणूस पाठवतो, पण व्हिजिटचे पैसे लागतील... नाही नाही, दुसऱ्याले नाही पाठवत मी. माह्या घरच्या पियानोले बी हाच हात लावते."

मॅडम "बरं, पाठवा" म्हणाल्या. झालं, इतकंच!

फोन ठेवून ते मला म्हणाले, "तू कधी बोललाच नाही गा. मले वाटे तुले परवडते."

इतका राग आला ना... स्वतःचाच. तीन वर्षं मी या माणसाला मनातल्या मनात चिक्कू म्हणत होतो. आणि हा माणूस माझ्याशिवाय कोणालाच पाठवायला तयार नव्हता.

मोहनभाऊ, दुकानात हे तोंडावर म्हणायला जमलं नाही, म्हणून इथे लिहितोय. चिक्कू म्हटल्याबद्दल सॉरी... आणि तो फोन माझ्यासमोर केलात, त्याबद्दल मनापासून थँक्यू.