टायपिस्टबाई लॅपटॉप घेतात

अर्धी भांडी घासून झाली होती आणि अर्धी फेसात तशीच पडून होती, तेवढ्यात फोन वाजला. टायपिस्टबाईंनी कोपरानेच नळ बंद केला, खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले आणि फोन कानाला लावला. पलीकडे वकीलसाहेब होते. सुट्टीच्या दिवशी वकीलसाहेबांचा फोन म्हणजे काहीतरी बिनसलेलं असणार, हे बाईंनी ओळखलं.

वकीलसाहेब आधी तब्येतीची चौकशी करत बसले, मग हवापाण्यावर आले. शेवटी आडवळणं संपली तेव्हा मुद्दा निघाला. सरकारी कचेरीने नवा नियम काढला होता. पुढच्या महिन्यापासून टाइपरायटरवरचा एकही अर्ज घेणार नव्हते. सगळं संगणकावर हवं, आणि कागदाबरोबर त्याची फाइलही पाठवायला हवी. साहेबांची पुतणी कॉलेजात शिकत होती, तिच्याकडे लॅपटॉप होता. अभ्यासातून सवड काढून ती येईल म्हणाली होती. तेव्हा बाईंनी आता आराम करावा.

आराम हा शब्द बाईंच्या असा काही जिव्हारी लागला की मोरीतल्या भांड्यांवरचा फेस वाळायला लागला तरी त्यांना भान नव्हतं. ऐन तारुण्यापासून त्यांनी साहेबांच्या ऑफिसातल्या त्या एका टेबलाशी संसार केला होता. लेकीच्या बाळंतपणापुरती काय ती रजा. अख्ख्या गल्लीतली पोरंटोरं त्यांना टायपिस्टबाई म्हणत, आणि लेकीच्या लग्नपत्रिकेवर छापलेलं त्यांचं नाव वाचून नातेवाईकसुद्धा क्षणभर विचारात पडत, ही कोण.

"साहेब, एक विचारू?" बाई म्हणाल्या. "टेबल तिला देताय ते तिला काम येतं म्हणून, का तिच्याकडे लॅपटॉप आहे म्हणून?"

वकीलसाहेब जरा घुटमळले, पण खोटं बोलणारे नव्हते. लॅपटॉप आहे म्हणून, ते म्हणाले.

"मग तो माझ्याकडेही येईल. एक तारखेला मी येते. तोवर टेबल हलवू नका."

फोन ठेवून बाई परत मोरीत आल्या, तर उरलेली भांडी नवरा घासत होता. त्याने सगळं ऐकलं होतं. भिंती पातळ, आणि बाईंचा आवाज टाइपरायटरच्या खडखडाटावर चढवून चढवून तयार झालेला.

"तू आणि लॅपटॉप," तो म्हणाला. "अगं, तू बोट टेकवलंस तर ते यंत्र पोलिसांत जाऊन तक्रार देईल."

"देऊ दे. तक्रार टाइप करायलाही ते माझ्याकडेच येईल."

नवरा हसला. मग हात धुऊन आपणहून म्हणाला, नवीन फ्रिजसाठी ठेवलेत ते पैसे घे. जुना कुरकुरतोय खरा, पण थंड करतोय. बाईंना तेच बोलायचं होतं आणि कसं बोलावं सुचत नव्हतं. माणूस आयुष्यभर टोमणे मारतो आणि नेमक्या वेळी असा वागतो, तेव्हा त्याच्यावर रागवायची सोयच राहत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवापुढे हात जोडून त्या नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ उभ्या राहिल्या. देवाकडे वस्तू मागायची नाही, हा त्यांचा नेम. त्यांनी लॅपटॉप मागितला नाही. दहा बोटं दिलीस, ती चालती ठेवलीस, आता कोणी फसवू नये एवढी अक्कल दे, एवढंच मागितलं. मग पैसे एका पाकिटात घातले आणि बँकेचं कार्ड मुद्दाम घरी कपाटात ठेवलं. दुकानात गेलं की माणूस पाघळतो, हे त्यांना मागे पडद्यांच्या कापडावर भलतेच पैसे घालवल्यापासून ठाऊक होतं. पाकीट संपलं की हौस संपली. पिशवीत एका जुन्या अर्जाची प्रत घेतली आणि कंबर कसून निघाल्या.

मोठ्या रस्त्यावरचं दुकान काचेचं होतं आणि आत इतकं गार की बाहेरचा घाम अंगावरच थिजावा. टाय लावलेला विक्रेता अदबीने पुढे आला आणि कोणासाठी बघताय मावशी, मुलासाठी का, असं त्याने विचारलं. माझ्यासाठी, बाई म्हणाल्या. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे पाकिटाचा अंदाज घेऊ लागले. त्याने एक चंदेरी, सुरीसारखा पातळ लॅपटॉप पुढे केला. एका हाताने उचलून दाखवला. बाईंना वजनाशी काय घेणं? त्यांचा टाइपरायटर दोन माणसांनी उचलावा लागे आणि त्याच्या जागेवरून तो कोणाच्या बापाला हलत नसे.

त्यांनी अर्जाची प्रत बाजूला ठेवली आणि टाइप करायला सुरुवात केली. कळा इतक्या सपाट होत्या की फरशीवर बोटं आपटल्यासारखं वाटलं. पडद्यावर मजकूर कमी आणि त्यांचा स्वतःचाच चेहरा जास्त दिसत होता, मागच्या दिव्यांसकट. शिवाय बोट जिथे जाई तिथे भलतंच अक्षर उमटे. तरी बाई नेटाने पुढे गेल्या, आणि ओळ संपताच व्हायचं ते झालं. टाइपरायटरवर ओळ संपली की डाव्या हाताने दांडा ढकलून कागद धरणारी गाडी परत जागेवर न्यायची असते. तो हात डोक्याला विचारून जात नाही. तो गेला, पडद्याच्या कोपऱ्यावर सणसणीत बसला, आणि चंदेरी लॅपटॉप काचेच्या टेबलावरून घसरत निघाला. विक्रेत्याने तो वरच्यावर झेलला.

विक्रेत्याने लॅपटॉप मऊ फडक्याने पुसला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, मावशी, तुम्हाला आपला टाइपरायटरच बरा.

बाई शरमेने कानापर्यंत लाल झाल्या. पण दाराबाहेर उन्हात आल्यावर त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. हात तर जाणारच. इतक्या वर्षांचा हात एका महिन्यात सुधारत नसतो. तेव्हा हात सुधारण्यापेक्षा मार खाऊन उभं राहील असं यंत्र शोधायला हवं.

रविवारी त्या लेकीकडे गेल्या. जावईबापू संगणकाच्याच कंपनीत कामाला, त्यामुळे त्यांना हा विषय म्हणजे पर्वणी. त्यांनी फोनवर आधीच एक लॅपटॉप निवडून ठेवला होता. त्याच्या कळा निळ्यालाल उजेडाने चमकत आणि त्यावर लढायांचे खेळ झकास चालत. सूट आजच संपतेय, एक बोट टेकवलं की परवा घरी, असं ते म्हणाले.

बाई म्हणाल्या, मी चप्पलसुद्धा पाय घालून बघितल्याशिवाय घेत नाही.

मग जावईबापूंनी आपला जुना लॅपटॉप काढला. निदान सराव करा, आणि आवडला तर घेऊनच जा आई, पडूनच आहे, असं ते म्हणाले. भला माणूस. भलतीच अक्षरं उमटतात अशी बाईंची तक्रार ऐकल्यावर त्यांनी थोडी शोधाशोध करून टाइपरायटरच्या कळांवरच्या अक्षरांची जुनी मांडणी त्यात बसवून दिली. ती बाजारातल्या कुठल्याही लॅपटॉपमध्ये बसते, हेही सांगितलं. बाईंच्या छातीवरचा एक धोंडा तिथेच उतरला. बोटं आपापल्या घरी पोचली, ओळीमागून ओळी निघू लागल्या, आणि लेक स्वयंपाकघराच्या दारातून कौतुकाने बघत उभी राहिली.

मग मथळा आला. अर्जाच्या मथळ्याखाली रेघ हवीच. बाईंची रेघ मारायची रीत ठरलेली होती. मथळा टाइप करायचा, मागे नेणाऱ्या कळेने गाडी टकटक करत मथळ्याच्या सुरुवातीला न्यायची, आणि तिथून रेघेची कळ दाबत यायचं. त्यांनी तसंच केलं. नजर नेहमीप्रमाणे प्रतीवर होती. पडद्याकडे पाहिलं तर नुसती रेघ, आणि मथळा गायब. त्यांना वाटलं, कळ चुकली. पुन्हा मथळा, पुन्हा मागे, पुन्हा रेघ. पुन्हा गायब.

"हे खातंय की काय अक्षरं?" बाई म्हणाल्या.

जावईबापू इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. लेकीने त्यांना डोळे वटारून गप्प केलं. इथे ती कळ मागे नेत नाही, खोडते, हे त्यांनी मग नीट समजावलं, आणि रेघ कशी आणायची तेही दाखवलं. बाईंनी ते अनेकदा करून पाहिलं. प्रत्येक वेळी बोट आधी मागच्या कळेकडेच धावे आणि बाई त्याला मध्येच आवरत, रस्त्यावर धावणाऱ्या लेकराला आवरावं तसं.

मात्र जुना लॅपटॉप त्यांनी घेतला नाही. ओळीच्या शेवटी त्यांचा हात गेला की त्याचा पडदा मान टाकून पाठीवर लोळण घेई. वायर काढली की चहा उकळायच्या आत तो झोपी जाई. आणि तिसरं कारण त्यांनी फक्त लेकीला सांगितलं.

"जावयाचं यंत्र आहे. ते बिघडलं की मी चोरासारखी उभी. माझं बिघडलं तर मी दुकानदाराशी भांडू तरी शकते."

लेकीने मान डोलावली. तिला आई माहीत होती.

महिना सरत आला होता. बाईंनी आणखी दुकानं पालथी घातली. कुठे कळा चांगल्या तर पडदा आरशासारखा, कुठे पडदा चांगला तर मान लुळी, आणि जिथे सगळं जमे तिथे किंमत पाकिटाच्या पार पलीकडे. एका ठिकाणी हप्त्यांवर घ्या म्हणाले. बाईंनी भीक घातली नाही. संध्याकाळी घरी आल्या की नवरा नुसतं तोंडाकडे बघे आणि काही न विचारता चहा टाके. टोमणे बंद झाले होते, हेच बाईंना जास्त लागत होतं.

शेवटी बसथांब्यामागच्या गल्लीत एका छोट्या दुकानात त्या शिरल्या. तिथे एक बाई डबा खात बसली होती. समोर उघडलेले लॅपटॉप, पोटातल्या तारांसकट. विकायचे आणि दुरुस्त करायचे, दोन्ही कामं तीच करी. काय हवंय म्हणून विचारलं तेव्हा टायपिस्टबाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. दिवसभर टाइप करायचंय, खिडकीत बसून, हात जड आहे, आणि पाकिटात आहेत त्याच्यावर एक पैसा नाही.

दुकानदारीण घास चावत विचार करत राहिली. मग मागच्या फळीवरून एक जाडजूड, धुळीच्या रंगाचा लॅपटॉप काढून आणला. गेल्या वर्षीचा आहे, ती म्हणाली, कचेऱ्यांसाठी बनवतात. रंगामुळे कोणी बघत नाही. बसा, मी जेवून घेते.

बाई बसल्या. कळा खोलगट होत्या, दाबल्या की खाली जाऊन परत वर येत होत्या, एखादं माणूस हो म्हणतं तशा. पडद्यात चेहरा दिसत नव्हता. त्यांनी अर्ज सुरू केला, ओळ संपली, आणि हात गेला. आवाज मोठा झाला. लॅपटॉप थरथरला आणि जागच्या जागी उभा राहिला.

दुकानदारीण घास हातात धरून थांबली. "काय झालं?"

"ओळ संपली," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, आणखी एकदा मारून बघू का. दुकानदारीण म्हणाली, बिल होईपर्यंत तो माझा आहे, जरा बेताने मारा. बाईंनी बेताने मारला. पडदा तसूभर हलला नाही.

किंमत मात्र पाकिटाच्या थोडी वर होती. बाई उठल्या आणि खरोखरच पिशवी उचलली. घासाघीस करायची म्हणून नव्हे. ठरलं म्हणजे ठरलं. दुकानदारिणीने त्यांना थांबवलं. हाच, पण कमी मेमरीचा एक आहे, तो पाकिटात बसेल, असं तिने सांगितलं. बाईंनी सरळ विचारलं, कमी म्हणजे माझं काय अडेल? तिनेही सरळ सांगितलं, टायपिंगला काही नाही. एकाच वेळी बरंच काही उघडून बसलात तर रेंगाळेल. पुढे पैसे जमले की या, मी मागचं झाकण उघडून मेमरी वाढवून देईन. टाइपरायटरची मांडणीही तिने तिथल्या तिथे बसवून दिली. वर फुकटची बॅग मिळणार नाही, हेही सांगून टाकलं. बाईंनी लॅपटॉप अर्जासकट कापडी पिशवीत घातला, मनातल्या मनात देवाला हात जोडले आणि पाकीट रिकामं केलं.

एक तारखेला वकीलसाहेब आले तेव्हा बाई टेबलाशी बसलेल्या होत्या. टाइपरायटर खाली जमिनीवर होता, तो हलवायला शेजारच्या चहावाल्याला बोलवावं लागलं होतं. वकीलसाहेबांनी टाइपरायटरकडे पाहिलं, लॅपटॉपकडे पाहिलं. मग म्हणाले, पुतणी दुपारी यायची आहे. त्यांनी एक अर्ज पुढे ठेवला आणि सांगितलं की हा तिच्या आधी कचेरीत गेला आणि परत आला नाही, तर तिला अभ्यास करायला घरी पाठवतो.

बाईंनी सुरुवात केली. पूर्वीच्या निम्म्यानेही वेग नव्हता. मथळा एकदा खाल्ला गेला, त्यांनी तो पुन्हा लिहिला आणि या वेळी रेघ जिथे हवी तिथे आणली. ओळींच्या शेवटी हात जात होता आणि लॅपटॉप मुकाट्याने मार खात होता. आवाज ऐकून चहावाला दोनदा डोकावून गेला. फाइल पाठवायची कळ बाईंनी हलकेच दाबली. मग त्या हात मांडीवर ठेवून बसल्या आणि वाट पाहू लागल्या. वकीलसाहेब उगाच कागद चाळत होते. कचेरीतून उत्तर आलं तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचलं. अर्ज घेतला होता.

त्यांनी पुतणीला फोन लावला. ती पलीकडून इतक्या आनंदाने सुटले बुवा म्हणाली की ते बाईंनाही ऐकू गेलं.

"टेबल तुमचंच," वकीलसाहेब फोन ठेवून म्हणाले. "पण बाई, सकाळपासून अशी मान वर करून का बसलात? आभाळात काय लिहिलं होतं?"

बाईंना तेव्हा कुठे जाणवलं की मान पार आखडली आहे. चष्म्याच्या खालच्या काचेतून जवळचं दिसायचं. इतकी वर्षं कागद खाली असे. पडदा समोर उभा राहिल्यावर त्या काचेतून बघायला हनुवटी वर करावीच लागत होती. संध्याकाळी काम आटोपल्यावर त्यांनी लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला आणि मान चोळत उठल्या.

घरी जायच्या आधी आता चष्मेवाल्याकडे जायचं होतं, पडद्याच्या अंतराचा चष्मा बनवायला टाकायला.