कंसातलं शून्य

मशीनकाकांच्या खोलीत शिरायचं तर अंग चोरूनच शिरावं लागतं. खोली जिन्याखालची. दार अर्धंच उघडतं, कारण दारामागे शिलाई मशीनचे तीन लोखंडी स्टँड एकमेकांच्या डोक्यावर चढून बसलेत. आत तेलाचा वास, खिडकीपाशी पत्रा ठोकलेलं टेबल, आणि फळीवर जुन्या औषधांच्या बाटल्या, ज्यांत सुया, स्क्रू, स्प्रिंगा असा ऐवज. कुठल्या बाटलीत काय, हे एकीवरही लिहिलेलं नाही. काकूंनी एकदा हौसेने चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. त्यानंतर आठवडाभर काकांना काहीच सापडेना, तेव्हा त्यांनी बाटल्या पाण्यात बुडवून चिठ्ठ्या सोडवल्या आणि मगच त्यांना जेवण गोड लागलं.

चाळीस वर्षं त्यांनी शिंप्यांच्या मशीन दुरुस्त केल्या. मग शिंपी विजेच्या मशीनकडे वळले. त्या बिघडल्या की कंपनीचा माणूस येतो, आतला भाग बदलतो आणि चहा न घेता जातो. काकांचं काम संपलं, पण ते त्यांच्या हातांना कोणी सांगितलं नाही. लोक माळ्यावरच्या गंजलेल्या मशीन आणून देत, काका त्या चालत्या करत, आणि घरात पाय टाकायला जागा उरेना. जेवणाच्या टेबलाखाली दोन मशीन आल्या तेव्हा काकूंनी परगावच्या लेकीला फोन लावला. लेकीने पुढच्या सुट्टीत येऊन वडिलांना ऑनलाइन लिलावाच्या साइटवर खातं उघडून दिलं.

काका तिथे रमले. मशीनचं वर्णन लिहायचं काम तर त्यांना फारच आवडलं. इतर विक्रेते ‘उत्तम स्थिती, संधी सोडू नका’ असं काहीतरी लिहून मोकळे होत. काका लिहीत, ‘चाक उलटं फिरवलं तर दोरा तोडते. रंग डावीकडे उडालेला आहे. आवाज करते, पण मनाने चांगली आहे.’ एका मशीनखाली त्यांनी लिहिलं होतं की ही दिवसभर कुरकुरते आणि काम मात्र चोख करते, आमच्या घरातही असंच एक माणूस आहे. लेकीने फोनवरून ते वाक्य काढायला लावलं. तोपर्यंत काकूंनी ते वाचलेलं होतं.

प्रत्येक मशीनबरोबर ते पांढऱ्या कापडाची एक पट्टी पाठवत. निघण्याआधी त्याच मशीनने त्या पट्टीवर एक सरळ ओळ शिवायची, आणि पट्टी मशीनच्या पायाखाली, म्हणजे सुईजवळच्या कापड दाबणाऱ्या भागाखाली, दाबून द्यायची. मशीन चालते याचा तेवढा पुरावा बस, असं त्यांचं म्हणणं.

या साइटवर प्रत्येकाच्या नावापुढे कंसात एक आकडा असतो. आजवर किती जणांनी त्याला चांगला शेरा दिला, तो. नवा माणूस आला की त्याच्या कंसात शून्य. या शून्यांनी काकांना छळलं होतं. पहिल्याने लिलाव जिंकला आणि कळवलं की बोट चुकून लागलं. दुसऱ्याने जिंकला आणि जो गायब झाला तो झालाच. काकांनी त्याला आठ निरोप पाठवले, आठवा तर जवळपास विनवणीचा होता. तिसऱ्याचं म्हणणं पडलं की मशीन आधी भलत्याच पत्त्यावर पाठवा, पैशाचं मागाहून बघू. त्यानंतर काकांनी एका पुठ्ठ्यावर जाड पेनाने ‘शून्याची बोली ठेवायची नाही’ असं लिहून तो खिडकीत उभा केला. रोज सकाळी चष्मा लावायचा, लिलाव उघडायचा आणि तांदळातले खडे वेचावेत तशा शून्यांच्या बोली वेचून रद्द करायच्या, हा त्यांचा परिपाठ झाला. त्यात त्यांना थोडा आनंदही मिळत असावा. आणखी एक गोष्ट त्यांनी मनाशी पक्की केली. जिंकणाऱ्याने आधी बोलायचं. आपण कोणाच्या मागे लागायचं नाही.

अशात उस्तादांची मशीन विकायला निघाली.

उस्ताद म्हणजे ज्यांच्या दुकानात काका काम शिकले ते. ताडपत्री, तंबू, ट्रकची आच्छादनं असलं जाड काम त्या मशीनवर व्हायचं. उस्ताद गेले आणि त्यांच्या घरच्यांनी ती काकांकडे आणून टाकली, तेव्हा ती इतकी जाम झालेली होती की चाकाला लोंबकळलं तरी चाक हलत नव्हतं. काकांनी आठ महिने तिच्या सांध्यासांध्यात तेल सोडलं, रोज चाक केसभर हलवलं. एका दुपारी चाक पूर्ण फिरलं, तेव्हा ते काकूंना हाक मारायला गेले आणि दारातल्या स्टँडवर गुडघा आपटून घेतला.

पण ती ठेवून घेणं जमणार नव्हतं. काकांचा उजवा खांदा उतरला होता आणि ते चाक ओढणं आता त्यांच्या हातचं नव्हतं. आणि न चालवलेली मशीन पुन्हा जाम होते. ती कोणीतरी रोज चालवावी, एवढीच त्यांची इच्छा. लिलाव रविवारी दुपारी चारला संपणार होता.

गुरुवारी पहिली बोली आली ती दिवेवाल्याची. या गृहस्थाच्या कंसात चौदाशेच्या वर आकडा. काकांकडून त्याने आधी तीन मशीन घेतल्या होत्या. जिंकल्यावर पाच मिनिटांत पैसे, गोड भाषा, कधी तक्रार नाही. मग एकदा काकांनी सहज त्याचं पान उघडलं, तर त्यांचीच एक मशीन तिथे विकायला होती. डोक्यातून आरपार भोक पाडलेलं, सुईच्या जागी बल्ब, आणि खाली लिहिलेलं, ‘हॉटेलच्या काउंटरसाठी शोभिवंत दिवा’. काका त्या दिवशी अर्ध्या ताटावरून उठले. काकूंनी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले की बल्ब चाळीस वॅटचा आहे.

“मग त्याची बोली रद्द करा की,” काकू म्हणाल्या.

काका म्हणाले की काय कारण सांगून करणार? तो कधी चुकला नाही, बुडाला नाही. घेतलेल्या वस्तूचं त्याने काय करावं हे आपण कोण सांगणार. तसं करायला नियम नाही.

शुक्रवारी सकाळी ते खडे वेचायला बसले आणि थबकले. दिवेवाल्यावर कोणीतरी बोली चढवली होती. कंसात शून्य. तेवढंच असतं तर काकांचं बोट सरळ रद्दवर गेलं असतं. पण बोलींच्या यादीत त्याच शून्याच्या एकाखाली एक सात बोली होत्या, सगळ्या वीस मिनिटांच्या आतल्या. मध्ये दुसरं कोणी नाही. शून्याने स्वतःवरच पुन्हा पुन्हा बोली चढवली होती.

“हा खेळतोय,” काका म्हणाले. “किंवा पोरगं असेल कुणाचं, फोन हातात सापडलेलं.”

काकू भाजी निवडत होत्या. त्यांनी यादी बघितली आणि हसू दाबायचा जरासुद्धा प्रयत्न केला नाही.

“अहो, तुमचं शटल विसरलात?”

काका विसरले होते. म्हणजे विसरायचं ठरवलं होतं. खातं नवं असताना त्यांनी याच साइटवर एक जुनं शटल, म्हणजे मशीनचा खालचा दोरा धरणारा भाग, घ्यायला बोली लावली होती. तिथे नियम असा, की आपण मनातली शेवटची रक्कम टाकायची, आणि साइट समोरच्यापेक्षा थोडीशीच जास्त रक्कम दाखवते. बाकीची झाकून ठेवते. काकांना हे माहीत नव्हतं. त्यांनी रक्कम टाकली, पडद्यावरचा आकडा हलला नाही, त्यांना वाटलं बोली लागलीच नाही. म्हणून अजून वाढवून टाकली. तरी आकडा ढिम्म. असं त्यांनी अकरा वेळा केलं. कंसात तेव्हा त्यांच्याही शून्यच होतं. शेवटी त्या विक्रेत्याचा निरोप आला होता, ‘बोली तुमचीच आहे. आता थांबा.’

“अकरा वेळा,” काकू म्हणाल्या. “हे बिचारं सातवरच थांबलंय. तुमच्यापेक्षा हुशार आहे.”

काका खोलीत गेले. खिडकीतल्या पुठ्ठ्याकडे त्यांनी बघितलं, पुठ्ठ्याने त्यांच्याकडे. मग एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, त्यांनी शून्याला निरोप लिहिला: ‘बोली तुमचीच आहे. आता थांबा.’ अर्ध्या तासाने बघितलं. उत्तर नव्हतं. पण आठवी बोलीही नव्हती. दिवसभरात आली नाही, शनिवारीही नाही. म्हणजे निरोप वाचणारं कोणीतरी पलीकडे होतं, आणि ते सांगितलेलं ऐकत होतं. एवढ्या पुराव्यावर काकांनी बोली राहू दिली. लेकीला मात्र त्यांनी हे फोनवर सांगितलं नाही.

रविवारी पावणेचारला दोघं फोन टेबलावर उभा करून समोर बसले. दिवेवाला जुना खेळाडू, तो शेवटच्या दोन मिनिटांत उतरला. त्याने बोली वाढवली. साइटने शून्याची झाकलेली रक्कम थोडी उघडून त्याच्या वर ठेवली. त्याने पुन्हा वाढवली. पुन्हा तेच. सात वेळा रचलेली ती थप्पी काही संपेना. न कळत लावलेल्या त्या बोलींपुढे चौदाशे शेऱ्यांचा माणूस पाच वेळा आपटला आणि चार वाजले.

काकू म्हणाल्या, चला, जिंकलं तुमचं शून्य. काकांचा चेहरा मात्र उतरला होता. शून्याला एवढं द्यायचं होतं तरी का? की बोट दाबत गेलं आणि आकडा वाढत गेला? आता तो आकडा बघून पलीकडचं माणूस घाबरलं असेल, आणि आपणच थांबा म्हणून सांगून त्याला यात अडकवलं असेल.

सोमवारी काही आलं नाही. दिवेवाल्याचा निरोप तेवढा आला: नव्या लोकांचा भरवसा नसतो काका, तुम्हाला माहीतच आहे, त्या शून्याने नाही घेतली तर मी तयार आहे. मंगळवारही कोरडा गेला. साइटचा नियम चार दिवसांचा. त्यानंतर दुसऱ्या नंबरला विचारता येतं, आणि दुसरा नंबर दिवेवाला. बुधवारी काकांनी मशीनवरची धूळ दोनदा पुसली. तिच्यावर धूळ नव्हती.

गुरुवारी दुपारी ते फोन घेऊन टेबलाशी बसले. दिवेवाल्याला कळवायचं बटण समोर होतं. काकू हात पुसत दारात आल्या.

“तुम्ही विचारलंत तिकडे?”

“मी का विचारू? जिंकणाऱ्याने आधी बोलायचं असतं.”

“हे त्या शून्याला कोणी सांगितलंय?”

काकांचं बोट बटणावरून मागे आलं. खरंच, कोणी सांगितलं असणार? शटलच्या वेळी आपल्याला तरी काय माहीत होतं. दुकानात माल काउंटरवर ठेवून दुकानदार सांगतो, आता द्या. पलीकडे ते सांगायची वाट बघत कोणी बसलं असेल तर? ते लिहायला लागले. नवख्याला दोरा ओवायला शिकवावं तसं सगळं एकामागून एक लिहिलं: आधी हे पान उघडा, मग हे बटण, मग पत्ता. आणि शेवटी, बऱ्याच वेळाने: ‘बोली चुकून एवढी चढली असेल तर तसं सांगा. मी रागावणार नाही.’

चहा उकळेपर्यंत पैसे आले. पाठोपाठ उत्तर.

‘नमस्कार काका. मी रविवारपासून तुमच्या निरोपाची वाट बघत होते. तुम्ही थांबा म्हणाला होतात म्हणून थांबले. बोली चुकून नाही, तेवढ्यापर्यंत जायचं ठरवलंच होतं, फक्त ती लागतच नव्हती. मी दप्तरं आणि पिशव्या शिवते. माझ्या मशीनला जाड कापड झेपत नाही. हिला झेपेल ना?’

काकांनी ते दोनदा वाचलं आणि फोन काकूंकडे दिला. काकूंनीही वाचलं. थांबा म्हटल्यावर चार दिवस थांबणारं माणूस आपण अजून बघितलेलं नाही, निदान या घरात तरी नाही, असं म्हणून त्या चहा गाळायला गेल्या.

बांधाबांध करायला दीड दिवस लागला. सुई काढून कागदात गुंडाळली. पायाखाली पट्टी दाबली, तिच्यावर उस्तादांच्या मशीनची सरळ, जाड ओळ. शिवताना चाक काकूंनी ओढलं होतं. खोक्यात चाकाखाली काहीतरी कडक हवं होतं. काकांनी इकडेतिकडे बघितलं आणि खिडकीतला पुठ्ठा दुमडून तिथे सरकवला. मापात बसला.

आठवड्याने एक फोटो आला. तीच पट्टी. काकांच्या ओळीखाली दुसरी एक ओळ. कंसातलं शून्य आता एक झालं होतं. तो शेरा काकांनीच दिला होता, त्यात तेलाचे कुठले दोन थेंब रोज सोडायचे हेही लिहून टाकलं होतं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो बोटांनी मोठा केला आणि नाक पडद्याला टेकेल इतक्या जवळून बघितला. मग टेबलाशी बसून लिहिलं: ‘वरचा दोरा घट्ट पडतोय. समोरचा स्क्रू अर्धा फेरा सैल करा.’

पंधरा मिनिटांत दुसरा फोटो. पट्टीवर आता तिसरी ओळ. काकांनी तो काकूंना नेऊन दाखवला. त्यांनी हात पुसून फोन घेतला, उजेडाकडे धरला, पट्टीवरच्या तिन्ही ओळी नीट निरखल्या.

“हिची तुमच्यापेक्षा सरळ आहे,” त्या म्हणाल्या.

काकांनी पुन्हा एकदा बघितलं. होती खरी.