डोनाच्या तळ्यातली जाळी

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. मंजिरीला नाही—आणि माझ्या बायकोपासून काही लपवून ठेवणं किती अवघड आहे, हे आमच्याकडे एकदा चहाला आलात तरी कळेल. आईला तर नाहीच. खरं म्हणजे आई त्या दिवशी तळ्याच्या काठावर खुर्ची टाकून बसली होती, सगळं तिच्या डोळ्यांदेखत झालं. तिलाही काय झालं ते कळलं नाही. कळलं फक्त मला.

थांबा, एकदम तळ्यावर गेलो तर तुमचा गोंधळ होईल. आधी गाव सांगतो. गाव सांगण्यात थोडा वेळही जाईल, आणि मला तो हवाच आहे.

आम्ही पेनसिल्व्हेनियातल्या एका लहानशा गावात राहतो. एक मोठा रस्ता, एक डायनर म्हणजे खाणावळ, दोन चर्च आणि चौकात फायर कंपनी. कंपनी म्हटलं की आपल्या लोकांना पगार आणि प्रमोशन आठवतं. इथे तसलं काही नाही. गावातलीच माणसं—प्लंबर, शाळेतला मास्तर, गवत कापणारा—कमरेला पेजर लावून हिंडतात आणि तो वाजला की हातातलं काम टाकून आगीच्या बंबाकडे पळतात. पैसे कुणी देत नाही, कुणी मागत नाही. फार वर्षांपूर्वी गावातली पिठाची गिरणी जळाली, बादल्यांनी ती विझेना, म्हणून चार शेतकऱ्यांनी मिळून हाताने ओढायचा एक बंब घेतला. तिथून हे सुरू झालं. युद्धाच्या काळात पुरुष गेले तेव्हा बायकांनी बंब चालवला. हा इतिहास मला तोंडपाठ आहे. का पाठ आहे, तेही पुढे येईल.

मी यात कसा? वॉल्टमुळे. वॉल्ट म्हणजे बंब चालवणारा आणि पंपावर उभा राहणारा माणूस. जन्मभर शाळेची बस चालवली, सत्तरी ओलांडली, कॉफी इतकी वाईट करतो की फायर कंपनीतल्या लोकांना आग परवडते. आम्ही नवे राहायला आलो तेव्हा तो घरातला धुराचा अलार्म तपासायला आला होता. मी घरूनच औषध कंपनीचं आयटीचं काम करतो, हे त्याने बघितलं.

“दिवसा घरी असतोस?” एवढंच त्याने विचारलं.

दिवसा माणसं मिळत नाहीत, हे या कंपन्यांचं मोठं दुखणं. सगळे नोकरीला लांब जातात, आणि आग काही संध्याकाळची वाट बघत नाही. दोन आठवड्यांत मी कंपनीत होतो. मंजिरी हसून लोटपोट. “आधी घरातला गॅस बंद केलायस का ते बघत जा, मग गाव विझव,” म्हणाली. पण खरं सांगू? इतकी वर्षं अमेरिकेत काढून पहिल्यांदा कुठल्यातरी गावाने मला नावाने हाक मारली. राजेंद्रचं ‘राज’ केलं, पण हाक मारली. ते मला फार आवडलं. हे ‘आवडणं’ लक्षात ठेवा. पुढे सगळं त्यानेच बिघडवलं.

आता तळं. गावाबाहेर नळाचं पाणी नाही, त्यामुळे शेतातल्या तळ्यांवर भिस्त. डोनाच्या गोठ्याजवळ असं एक तळं आहे. काठावर एक वाकडा पाइप उभा असतो. त्याचं दुसरं तोंड पाण्याखाली, त्यावर जाळी. बंब येऊन त्या पाइपला जोडायचा आणि पंपाने पाणी ओढायचं, म्हणजे आपण नारळात स्ट्रॉ घालून ओढतो तसं. जाळी चोंदली की संपलं. वॉल्टने मला पहिल्याच सरावात तिथे नेलं, पाण्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, “त्या बाजूला काडीसुद्धा टाकायची नाही.” मला म्हणाला. दुसऱ्या कुणाला नाही, मला.

त्या वर्षी गणपतीला आई नागपूरहून आली होती. तासाभराच्या अंतरात आम्ही सात-आठ मराठी घरं, एकच गणपती बसवतो, शाडूचा, मुलांनीच केलेला. विसर्जन दरवर्षी आमच्या मागच्या अंगणात, बादलीत. आईला ते बघवेना. “बादलीत काय बुडवता रे देवाला, कपडे भिजत घातल्यासारखं?” मी डोनाला विचारलं. ती शेतकरीण, एकटी राहते, दिलखुलास बाई. म्हणाली, तुमचा देव खुशाल येऊ दे, मी झुकिनी ब्रेड करते.

तळ्याच्या सगळ्या काठाला चिखल आणि गवत. पाय ठेवायला खडी टाकलेली एकच जागा—पाइपापाशी, बंब उभा राहायची. तिथूनच विसर्जन केलं. छान झालं, खोटं का बोलू. मुलं ओरडत होती, डोना टाळ्या वाजवत होती, मूर्ती अलगद गेली. शाडूच ती, विरघळली असणार. मग सगळे डोनाच्या अंगणात मोदक खायला गेले आणि मागे राहिलो आई आणि मी—आणि निर्माल्याच्या दोन मोठ्या पिशव्या.

त्या मी घरी नेऊन बागेत पुरायच्या, असं ठरलं होतं. आई म्हणाली, “निर्माल्य परत घरी नेतात का कुठे? सोड पाण्यात.”

मला वॉल्टचं बोट आठवलं का? आठवलं. विसरलो असतो तर हा कबुलीजबाब कशाला लिहिला असता—विसरण्याला काय, माफी असते. मला स्पष्ट आठवलं. आणि मी मनात म्हटलं, फुलंच तर आहेत, कुजतील. मोदक थंड होत होते. मी पिशव्या उलट्या केल्या. त्यांत नुसती फुलंच नव्हती, हेही मला ठाऊक होतं. झेंडूच्या दोऱ्याच्या माळा होत्या, नारळाच्या शेंड्या होत्या आणि चौरंगावरचं लाल कापड होतं.

काही आठवड्यांनी, झाडं लाल-पिवळी झाल्यावर, एका दुपारी पेजर वाजला. डोनाचा गोठा. वरच्या मजल्यावर वर्षाचं गवत भरलेलं, वायरिंग जुनं. दिवसाची वेळ, म्हणजे पहिल्या बंबावर आम्ही मोजकेच. वॉल्ट चालवायला, मी शेजारी, मागे दोन पोरं. पोचलो तेव्हा डोनाने गाई बाहेर काढल्या होत्या. छपरातून धूर येत होता, पण अजून नुसता धूरच. वॉल्ट म्हणाला, “पाणी मिळालं तर वाचेल हा.”

आम्ही पाइप जोडला. पाणी आलं—क्षणभर. मग इंजिनाचा आवाज बदलला, घशात काही अडकल्यासारखा. गोठ्यापाशी उभ्या असलेल्या पोरांच्या हातातली नळी मऊ पडली. वॉल्टने पंप पुन्हा लावला. पुन्हा. पुन्हा. त्याने पाइपचा जोड घट्ट केला, झडपा एकेक करून तपासल्या. आणि मी काय करत होतो? मी पाण्याकडे बघत होतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं. ते तोंडाशी आलं होतं—जाळी, वॉल्ट, जाळी बघू या. पाण्यात उतरून हात घातला असता तर मोकळी झाली असती, फार तर काही मिनिटांत. मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभा राहिलो.

शेजारच्या गावांतून पाण्याचे टँकर आले. घर वाचलं. गोठा संध्याकाळपर्यंत गेला. डोनाच्या आजोबांनी बांधला होता तो.

दुसऱ्या दिवशी फायर कंपनीच्या प्रमुखाने, चीफने, स्टेशनवर सगळ्यांना जमवलं आणि विचारलं, जाळी कुणी तपासतंय का? मी हात वर केला. पाहा, किती तत्पर! तिथून थेट एकटा गेलो, रबराची विजार चढवून पाण्यात उतरलो, हात घातला. लाल कापड जाळीभोवती घट्ट बसलं होतं, वर माळांचे दोरे, त्यात शेंड्या. सोनेरी काठ अजून चमकत होता. मी ते सगळं ओढून काढलं, पिशवीत भरलं, घरी आणलं आणि बागेत पुरलं—जिथे ते आधीच पुरायचं होतं. मग चीफला फोन केला.

म्हटलं, “जाळी साफ आहे.”

तोवर ती साफ होतीच. मीच केली होती.

का? माझ्याकडे कारणं तयार आहेत, चांगली आहेत. ग्रीन कार्ड अडकलेलं होतं. गावात चर्चा झाली असती, या लोकांच्या देवाने डोनाचा गोठा जाळला. त्याचा त्रास आमच्या सगळ्या घरांना झाला असता, मुलांना शाळेत झाला असता. ही कारणं मी इतक्या वेळा घोळवली आहेत की आता गुळगुळीत झाली. आणि त्यातलं एकही त्या फोनच्या वेळी माझ्या डोक्यात नव्हतं. माझ्या डोक्यात एवढंच होतं की हे मला उद्यापासून राज म्हणणार नाहीत.

जाळी साफ होती म्हटल्यावर उरलं काय? वॉल्ट. कुणी त्याला एक शब्द बोललं नाही. इथे तशी रीत नाही. पाठीवर थाप मारतात आणि विषय बदलतात. पण सरावाच्या वेळी पोरं पंपावर स्वतःच पुढे व्हायला लागली. ‘तू बस, वॉल्ट.’ आमच्या स्टेशनात प्रत्येक बंबाजवळ एक खुंटी असते, तिच्यावर चालवणाऱ्याच्या नावाचा बिल्ला. एका सोमवारी वॉल्टने आपला बिल्ला काढला आणि माझा तिथे अडकवला. स्वतःच्या हाताने. मी लावू दिला. करून सवरून नामानिराळा म्हणतात, मी तर वर बक्षीसही घेतलं.

त्या दिवशी सगळे गेल्यावर त्याने ती भयंकर कॉफी दोन कपांत ओतली आणि मला विचारलं, “राज, तू माझ्या शेजारी होतास. माझं काय चुकलं?”

मी म्हणालो, “काहीच चुकलं नाही तुझं.”

अगदी खरं वाक्य होतं ते. त्याहून खरं मी आयुष्यात बोललेलो नाही. आणि मी ते अशा मायेने, अशा खालच्या आवाजात बोललो की त्याला ते सांत्वन वाटावं. त्याला तसंच वाटलं. त्याने मान हलवली, “यू आर अ गुड मॅन,” म्हणाला आणि कप धुवायला गेला. मला स्वतःची किळस आली. कॉफी मी संपवली.

त्यानंतर तो बदलला. बंब सोडलाच, पण हळूहळू स्वतःची गाडीही लांब नेईनासा झाला. गॅस बंद केला का, दार लावलं का, चारदा बघतो, असं त्याची बायको डायनरमध्ये मंजिरीला सांगत होती. मंजिरी घरी येऊन हळहळली. “वय झालं रे त्यांचं.” मी म्हटलं, हं. त्याचं वय झालं नव्हतं. जन्मभर स्वतःच्या हातांवर त्याने जो विश्वास टाकला, तो मी काढून घेतला होता. गोठा पुन्हा बांधता येतो, डोनाने बांधलाही. याचं काय करायचं असतं?

गेल्या वर्षी कंपनीचा मोठा वाढदिवस झाला. इतिहास लिहायला कुणीतरी हवं होतं. मी शिकलेला, टायपिंग वेगात—सगळे माझ्याकडे वळले. स्टेशनच्या भिंतीवर फोटो लावले, हाताने ओढायच्या बंबापासून. प्रत्येकाखाली दोन ओळी, सगळ्या माझ्या. डोनाच्या गोठ्याचाही फोटो आहे. त्याखाली मी लिहिलं की पंपाला त्या दिवशी वेळेवर पाणी ओढता आलं नाही. कुणाचं नाव नाही. नावाची गरजच नव्हती. पंपावर कोण होतं, गावाला ठाऊक आहे. वॉल्ट चष्मा लावून त्या फोटोपुढे बराच वेळ उभा राहिला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “चांगलं लिहिलंस. नाव नाही घातलंस.”

आता शाळेची मुलं भिंत बघायला येतात तेव्हा ती ओळ मीच वाचून दाखवतो.

दर शरद ऋतूत मी डोनाच्या तळ्यात उतरतो आणि जाळी हाताने चाचपतो. ती साफ असते. आमचं विसर्जन पुन्हा बादलीत होतं. आईला फोनवर सांगितलं, तळ्याला परवानगी मिळत नाही. हेही खोटंच. डोना दरवर्षी विचारते, या वर्षी तुमचा देव नाही का येणार.

वॉल्ट जिवंत आहे. आमच्या घरापासून चालत जाण्याइतका जवळ राहतो. आज सोमवार, थोड्या वेळाने सराव आहे, तो कॉफी करून ठेवेल आणि मी त्याच्या खुंटीवरचा माझा बिल्ला काढून बंबात बसेन. हे सगळं मी इंग्रजीत लिहू शकलो असतो. दिवसभर इंग्रजीतच लिहितो मी, भिंतही इंग्रजीतच लिहिली. हे मराठीत लिहिलं, कारण या गावात आमच्या घराबाहेर कुणाला मराठी वाचता येत नाही. वॉल्टला तर नाहीच.