घर बघायला आलेलं गिऱ्हाईक

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये लोक यावर अजून हसतायत, आणि तेही माझ्या तोंडावर! माणसाने शहाणपणा किती करावा याला काही मर्यादा असते की नाही? मी ती ओलांडली.

तर झालं असं. मी आणि मंजिरीने मूल दत्तक घ्यायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे मंजिरीने ठरवलं, मला पटलं, आणि मग तिच्याहून मलाच जास्त घाई झाली. अट एकच. बिल्डिंगमध्ये कोणाला कळता कामा नये.

"का पण?" मंजिरी म्हणाली. "चोरी करतोय का आपण?"

"अगं, दिवस गेल्यावरसुद्धा पहिले तीन महिने कोणाला सांगत नाहीत. दृष्ट लागते."

"इथे दिवस कोणाला गेलेत? अर्जाला?"

आई शहाडला भावाकडे असते. तिला फोन लावला, तर तीही म्हणाली, "बरोबर आहे त्याचं. पक्कं झाल्याशिवाय तोंड उघडू नका." झालं! हायकोर्टाचा निकाल लागला.

आता मला सांगा, गुपित ठेवायचं म्हटलं की माहिती तरी कोणाला विचारणार? ऑनलाइन अर्ज भरला, कागदपत्रं चढवली, पण ज्या दत्तक संस्थेत जायचं होतं ती ठाण्याच्या नौपाड्यात नेमकी कुठे, काही केल्या सापडेना. शेवटी ठाणे स्टेशनबाहेर मी एका रिक्षावाल्याच्या कानाशी जाऊन हळूच म्हटलं, "ते... बाळाचं ऑफिस माहितीये का?"

त्याने मंजिरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सगळे खड्डे चुकवत इतक्या हळू रिक्षा चालवली की मागचे लोक शिव्या घालायला लागले. नेऊन उभं केलं ते थेट प्रसूतिगृहाच्या दारात! वर म्हणतो, "भाऊ, वहिनींना जरा सांभाळून उतरवा."

मंजिरी उतरली ती तरातरा समोरच्या पानवाल्याकडे. "दत्तक मूल देणारी संस्था कुठेय हो?" भर रस्त्यात, मोठ्याने! "मागच्या गल्लीत, दुसरा मजला," पानवाल्याने मान वर न करता सांगितलं. संपला विषय.

संस्थेत सगळं नीट समजावून सांगितलं. एक समाजसेविका रविवारी आमच्या घरी येणार, घर बघणार, आमच्याशी बोलणार. त्यांचा रिपोर्ट चांगला गेला तरच पुढचं सगळं. बाहेर पडल्यावर मंजिरी म्हणाली, "शेजाऱ्यांशीही बोलतात म्हणे त्या. आता तरी सांग."

"छे गं! एवढा वेळ कुठे असतो त्यांना!"

शनिवारी मी स्टुलावर चढून पंखे पुसत होतो. दार उघडं. तेवढ्यात म्हात्रे मावशी आल्या. म्हात्रे मावशी म्हणजे आमच्या तळमजल्यावर राहणाऱ्या, जागेच्या मूळ मालकीणबाई. आमची बिल्डिंग उभी आहे तिथे पूर्वी त्यांचं भाताचं शेत होतं. आमच्या घराची एक चावी कायम त्यांच्याकडे. मला ताप आला की तांदळाची भाकरी वर येते, आणि खाल्ली नाही तर मावशी स्वतः येतात.

"कं रं सुहास, दिवाली नाय, गनपती नाय, मंग पंखं कं पुसतंस? कोन येतंय?"

तुम्ही काय म्हणाला असतात? पाहुणे म्हणायचं की नाही! पण माझं डोकं! मी म्हणालो, "उद्या घर बघायला गिऱ्हाईक येतंय, मावशी. विकायचं चाललंय."

मावशींचा चेहरा असा पडला की मलाच भरून आलं. त्या तशाच जिना उतरून गेल्या. संध्याकाळी समोरचे कुलकर्णी काका कॅरमला आले नाहीत. रोज येतात. मला वाटलं, रागावले असतील, रिपोर्ट झाला की समजूत काढू.

रविवार उजाडला. समाजसेविका मॅडमनी अकराची वेळ दिलेली. साडेअकरा वाजले तरी पत्ता नाही. मी गॅलरीतून वाकून बघतोय. शेवटी बेल वाजली. मॅडम आत आल्या, बसल्या, पाणी प्यायल्या आणि वही उघडून माझ्याकडे एकटक बघायला लागल्या.

"मी वर येताना शेजाऱ्यांशी बोलले. कशासाठी आलेय ते सांगितलं नाही, नुसतं विचारलं, हे लोक कसे आहेत, घर कसं आहे. तळमजल्यावरच्या बाई म्हणाल्या, या घरात नळाला पाणी येत नाही, भिंतीतून मात्र येतं."

"काय?"

"तुमची रोज भांडणं होतात. रोज भांडी फेकता म्हणे."

"मॅडम, एवढी भांडीच नाहीत आमच्याकडे!"

मंजिरीने मला चिमटा काढला.

"आणि समोरचे काका म्हणाले, फ्लॅटला वास्तुदोष आहे." मॅडमनी वहीचं पान उलटलं. "म्हणाले, बघा ना, इतकी वर्षं झाली, त्या घरात पाळणा हलला नाही."

हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मंजिरी खाली बघत बसली. आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे देवा! हे गिऱ्हाईक पळवतायत! आम्ही सोडून जाऊ नये म्हणून!

"तुम्ही घर विकताय, हे खरं का?" मॅडमनी विचारलं. "अर्जात तर कायमचा पत्ता म्हणून हेच घर आहे."

"हो... म्हणजे नाही... विकतोय असं सांगितलंय, पण विकत नाहीये."

"कोणाला सांगितलंय?"

"सगळ्यांना."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. गेलं, मूल गेलं! तेवढ्यात दार ढकलून म्हात्रे मावशी आत! मागे कुलकर्णी काका.

"गेली कं ती?" मावशींनी विचारलं, आणि मॅडम दिसल्यावर एकदम सूर बदलला. "अजून बसलंस, बाय? सांगितला ना तुला? परवा हितं पोलीस पन येऊन गेलं!"

"मावशी!" मी ओरडलो.

शेवटी मंजिरीच उठली. मावशींचा हात धरून म्हणाली, "मावशी, या घर घ्यायला नाही आल्यात. आम्हाला बाळ मिळावं म्हणून आल्यात. आम्ही दत्तक घेतोय."

मग मावशींनी स्वतःच्याच तोंडात मारून घेतली. "अगं बाय माजे! सगला खोटा बोलले मी! पानी चोवीस तास हाय! भिंत कोरडी ठाक! पोलीस कसलं, हितं पोस्टमन येत नाय!"

कुलकर्णी काका चष्मा पुसत बसले. "मंजिरी, मी काय बोलून गेलो गं. माफ कर मला," एवढंच म्हणाले. मंजिरी म्हणाली, "काका, तुम्ही आम्हाला अडवायला बोललात, माहितीये मला."

मॅडम हे सगळं शांतपणे बघत होत्या. मग माझ्याकडे वळल्या. "मूल घरी आल्यावर काय सांगणार होतात हो या लोकांना? भाडेकरू ठेवलाय?"

मी उठलो आणि पंखा पाचवर केला.

मॅडमनी वही पुन्हा उघडली. "बरं मावशी, आता खरं सांगा. यांच्याकडे मूल द्यावं?"

"डोलं झाकून दे, बाय. ही मंजिरी हाय, मी हाय, कुलकर्णी हाय. काय कमी नाय पडनार."

"आणि हे?" मॅडमनी पेन माझ्याकडे रोखलं.

मावशींनी मला वरून खालपर्यंत नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "त्याची कालजी नको करू. पोराबरोबर त्यालापन मोठा करू आमी."

मॅडमनी ते शब्दशः लिहून घेतलं, आणि आमचा अर्ज मंजूर झाला.