ठेका न धरणारं मशीन

एमआरआयच्या बोगद्यातून बाहेर येताच माझी धाकटी बहीण म्हणाली, "दादा, तासभर ठोकत होतं, पण ठेका काही धरेना." ती तबला शिकवते. मेंदूतली गाठ काढल्यानंतरचं हे तिसरं स्कॅन.

डॉक्टरांनी भिंतभर पडद्यावर एक पांढरा डाग दाखवला. गाठ परतली आहे की हा किरणोपचाराचा व्रण आहे, ते आज सांगता येणार नाही, म्हणाले. यंत्रांच्या एवढ्या थाटामाटानंतरचं हे "माहीत नाही" मला प्रामाणिक वाटलं. तुमच्या-माझ्या पुढच्या आयुष्याचं चित्रही असंच धूसर असतं. आपल्याला ते कुणी पडद्यावर दाखवत नाही, इतकंच.

"तीन महिन्यांनी, पहिल्या सोमवारी या."

"त्या दिवशी माझ्या विद्यार्थिनींची परीक्षा आहे," ती उठत म्हणाली. "डाग थांबेल मंगळवारपर्यंत."