चवीची साक्ष

ही हकीकत आठवली की आजही मान खाली जाते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांच्याबद्दल लिहिताना हात अडखळत नाही. या एका बाटलीच्या प्रकरणाशी आला की अडखळतो.

महायुद्धाची अखेरची वर्षे होती. मी घाटाखालच्या एका ठाण्यात फौजदार होतो. सातारा जिल्ह्यात चळवळ जोरात होती आणि खाकी कपड्यातल्या माणसाकडे लोक कोणत्या नजरेने पाहत ते सांगायला नको. अशा दिवसांत वरच्या थंड हवेच्या गावातल्या साहेबांच्या क्लबातून फिर्याद आली, की आमच्या व्हिस्कीत भेसळ झाली आहे. घाट चढताना माझा जमादार म्हणाला, "साहेब, वाटेत कुणी इचारलं तर काय सांगू? गोऱ्याची दारू हुडकाया निघालोय म्हणू?" मी त्याला गप्प बसवले.

व्हिस्की साधी नव्हती. एका म्हाताऱ्या साहेबाने विलायतेला परत जाताना क्लबाला सहा उघडलेल्या बाटल्या दिल्या होत्या. प्रत्येक बाटली स्कॉटलंडातल्या एकेका निराळ्या भट्टीची, नुसत्या मोड आणलेल्या जवापासून काढलेली. एरवी बाजारात मिळते तिच्यात अनेक भट्ट्यांचा माल एकत्र केलेला असतो, हे मला त्या दिवशी कळले. म्हातारा होता तेव्हा महिन्यातून एकदा सभासद जमत, लेबलांवर कागद चिकटवत, लहान पेल्यांतून घोट घोट घेत आणि कुठली कोणती ते ओळखायची पैज लावत. जुने सभासद पुढे युद्धावर गेले. नवा सेक्रेटरी मुंबईच्या एका कंपनीतून आलेला गोरा होता. त्याने तो खेळ पुन्हा सुरू केला आणि चौथ्या बाटलीला त्याला इस्पितळाचा वास आला.

कपाटाची किल्ली क्लबाच्या आबदाराकडे, म्हणजे दारू-पाणी सांभाळणाऱ्या नोकराकडे असे. हा रहिमतपूरकडचा, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात नाईक होता आणि पेन्शन खात होता. सेक्रेटरीचे म्हणणे असे, की यानेच दारू विकली आणि बाटलीत पाणी व झणका यावा म्हणून औषध घालून ती भरून काढली.

तेवढ्यावर मी कोणाला अटक केली नसती. पण दुसऱ्या दिवशी क्लबाचा स्वयंपाकी ठाण्यात आला आणि दार लोटून घेत म्हणाला, "आबदारानं दवाखान्यातनं कार्बॉलिक आणलंया. बाटली माज्या डोळ्यांनी बघितली." जखमा धुवायच्या त्या उग्र वासाच्या औषधाबद्दल मी कंपाउंडरकडे चौकशी केली. खरे निघाले. आबदाराच्या खोलीत अर्धी बाटली सापडली. किल्ली त्याच्याकडे, कार्बॉलिक त्याच्याकडे, वास बाटलीत. नोकराने मालकाच्या मालाची केलेली चोरी म्हणून कलम ३८१ लावले आणि त्याला कोठडीत घातले.

आरोपीला पहिला प्रश्न मी नेहमी घरच्या माणसांविषयी विचारत असे. माणूस खोटे बोलायच्या तयारीत असतो, त्या प्रश्नाला तयारी नसते.

"घरी कोण आहे?"

"मालकीण. पायात कुऱ्हाड बसली तिच्या. जखम चिघळली, म्हणून ते धुवायचं औषिद आणलं."

"आणि बाटलीत वास कुठून आला?"

"आला न्हाई सायेब, हुताच. थोरल्या सायबानं बूच काढलं तवाबी हुता. मी दारूला शिवत न्हाई, मला चव ठावं न्हाई. पर नाक तर हाय का न्हाई? थोरल्या सायबाला तीच लय आवडायची."

"औषधाच्या वासाची दारू कोणाला आवडेल?"

"ते मी काय सांगू? ज्याची त्याला गोडी." मग त्याने विचारले, "सायेब, शिक्षा लागली तर पेन्शन जातीया का?"

जाते, असे मी सांगितले. 

पंचांसमोर बाटलीतून नमुने काढले, लाखेने सील केले आणि एक मुंबईच्या प्रयोगशाळेकडे पाठवला. या गडबडीत माझ्या कोटाच्या बाहीवर दारू सांडली. दुसऱ्याच दिवशी मला सांगलीला जायचे होते. पत्नी बाळंतपणासाठी माहेरी होती.

माझे सासरे फौजेतून निवृत्त झालेले डॉक्टर. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही म्हणे. सांगलीत त्यांना मान होता तो डॉक्टरीपेक्षा दारूबंदीच्या कामामुळे. हळदीच्या पेठेतल्या हमालांच्या वस्तीत दर आठवड्याला जाऊन ते त्यांना दारू सोडायला सांगत. देवळाच्या पंच कमिटीतही ते होते.

मी कोट काढून खुंटीला लावला. अण्णा जवळून गेले, थांबले, बाही नाकाशी नेली. मी ओशाळून तपासाची सगळी हकीकत सांगितली. ऐकून त्यांनी आधी स्वयंपाकघराकडे पाहिले, मग हळूच म्हणाले, "हे कार्बॉलिक नव्हे. ही पश्चिमेकडच्या बेटावरची व्हिस्की आहे. तिकडे दलदलीतली माती जाळून जव वाळवतात. तो धूर दाण्यात शिरतो, तो असा."

"तुम्हाला कसं माहीत, अण्णा?"

"माहीत आहे," ते म्हणाले आणि बाहेर गेले.

मी तो विषय वाढवला नाही. प्रयोगशाळेचा अहवाल आला की प्रश्न सुटेल आणि अण्णांना विचारावे लागणार नाही, असा माझा हिशेब होता. अहवाल आला तो उलटा. मद्यार्क आहे, आणि कार्बॉलिकच्या जातीचे द्रव्य किंचित आहे. त्या धुरातही त्याच जातीचे द्रव्य असते, हे प्रयोगशाळेला कोणी विचारले नव्हते. आबदाराला जामीन मिळाला नव्हता, आणि आता त्याला शिक्षा होणार हे उघड होते.

मी पुन्हा सांगलीला गेलो. सांगली तेव्हा संस्थानात होती, आमचे समन्स तिथे थेट चालत नसे. अण्णा नाही म्हणाले असते तर त्यांना कोणी आणू शकले नसते. मी त्यांना कृष्णेच्या घाटावर घेऊन गेलो, कारण घरात बोलायची सोय नव्हती.

ते म्हणाले, "फौजेत आठ वर्षं घेत होतो. आमच्या इस्पितळात एक स्कॉच मेजर होता, त्यानं पेले मांडून शिकवलं. कुठली मधासारखी, कुठली समुद्राच्या वाऱ्यासारखी. मला त्यात गती होती. एक दिवस ऑपरेशन करताना हात थरथरला, तेव्हा सोडली. घरी कोणाला ठाऊक नाही."

"मग नका येऊ, अण्णा."

"पेन्शन जाईल म्हणालात ना त्याची?" मी मान हलवली. "येतो. माईला आत्ता काही बोलू नका. परत आल्यावर मीच सांगेन."

माई म्हणजे माझ्या सासूबाई. मी बरे म्हणालो.

फिर्याद चुकीच्या समजुतीतून दिली आहे, म्हणून प्रकरण 'क' समरीत काढावे, म्हणजे गुन्हा घडलाच नाही असे धरून बंद करावे, असा अहवाल मी साताऱ्याच्या मॅजिस्ट्रेटांकडे पाठवला. सेक्रेटरीने वकील देऊन हरकत घेतली. वकील पहिल्याच वाक्यात म्हणाले, "साक्षीदार फौजदारांचे सासरे आहेत. घरचाच मामला दिसतो." कोर्टात लोक हसले.

मॅजिस्ट्रेट मराठी गृहस्थ, शांत डोक्याचे. त्यांनी शिरस्तेदाराला आतल्या खोलीत पाठवले आणि सात पेले भरून आणायला सांगितले. सहा पेल्यांत सहा बाटल्यांतली व्हिस्की. सातव्यात साध्या वासाची एक, आणि वरून कार्बॉलिकचा अगदी थेंब. पेल्यांवर फक्त आकडे. घोट गिळायचा नाही, भांड्यात टाकायचा.

आधी सेक्रेटरीने चव घेतली. दोन पेले बाजूला काढून तो म्हणाला, दोन्हींत औषध आहे.

मग अण्णा. धोतर, बंद गळ्याचा कोट, कपाळावर गंध. त्यांनी पेला उचलला आणि मला खाली पाहावेसे वाटले, कारण हाताला सवय होती. पेला हळू फिरवणे, नाक दोनदा नेणे, घोट जिभेवर पसरवणे. लोक हसायचे थांबले होते. ते एकेक सांगत गेले. ही डोंगराळ भागातली, मधाची गोडी आहे. ही शेरी नावाच्या द्राक्षमद्याच्या पिंपात मुरलेली, सुक्या द्राक्षांसारखी. ही हलकी, गवताच्या वासाची. शिरस्तेदार यादीशी ताडून मान हलवत होता. शेवटी ते दोन पेले राहिले.

"या पेल्यात कार्बॉलिक घातलंय. वास नाकातच राहतो, खाली उतरत नाही, आणि जिभेला चरचरतं. या दुसऱ्यात वास उशिरा येतो, घशात, धुरासारखा, आणि मागून खारटपणा येतो. हिच्यात कोणी काही घातलेलं नाही. ही अशीच जन्मली आहे."

शिरस्तेदाराने यादी मॅजिस्ट्रेटांपुढे ठेवली. बरोबर होते.

वकील हरले होते, पण उठले. "डॉक्टर, आपण दारूबंदीचा प्रचार करता ना?"

"करतो."

"एवढं ज्ञान प्रचारातून मिळालं?"

"नाही. पिऊन मिळालं. आठ वर्षं."

"घरी माहीत आहे?"

अण्णांनी हातातला पेला खाली ठेवला. "आज कळेल," ते म्हणाले.

आबदार त्याच दिवशी सुटला. त्याच्याविरुद्ध कोणताही शेरा राहिला नाही.

आम्ही सांगलीला पोचायच्या आत बातमी पोचली होती. हळदीचा एक व्यापारी त्या दिवशी दाव्यासाठी साताऱ्याच्या कोर्टात आला होता. पेठेतून चालताना एक हमाल पोत्यावर बसून म्हणाला, "आवं डाक्टर, आमची बी जरा चव घिऊन सांगा की, कुठल्या भट्टीची हाय." बाकीचे हसले. अण्णांनी चाल वाढवली नाही, कमीही केली नाही. मी पोलीस अधिकारी, आणि त्या हमालाला न हटकता त्यांच्या शेजारून चालत राहिलो.

माई दारात होत्या. त्यांनी पाय धुवायला पाणी दिले, ताटे वाढली. जेवण संपल्यावर एवढेच म्हणाल्या, "कोर्टाला आधी सांगितलंत."  मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. "आणि तुम्हाला माहीत होतं." मला ताटावरून उठताही येईना.

देवळाच्या कमिटीतून अण्णांनी स्वतःच नाव काढून घेतले. हमालांच्या वस्तीत जाणे थांबले. माई त्यांच्याशी कामापुरते बोलत.

काही महिन्यांनी आबदार बायकोला घेऊन सांगलीला आला. सोबत घरच्या गुऱ्हाळातली गुळाची ढेप होती. मी त्या दिवशी तिथेच होतो. बाई किंचित लंगडत होती, जखम भरली होती. माईंनी दोघांना पंक्तीत बसवून जेवू घातले, तूप स्वतः वाढले. आबदार हात जोडून म्हणाला, "आईसाहेब, डाक्टरसायेब नसते तर मी आज तुरुंगात असतो. पेन्शन गेली असती, हिचा पाय गेला असता."

"माहीत आहे मला," माई म्हणाल्या. त्यांच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. "म्हणून तर मला त्यांच्यावर धड रागावताही येत नाही."

अण्णा समोर बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. मीही केली नाही.

खरे बोलणाऱ्या माणसाला आपण कोर्टात उभे करतो, त्याचा जबाब लिहून घेतो, खाली सही घेतो आणि प्रकरण निकाली काढतो. तो माणूस त्या संध्याकाळी कोणत्या घरात परत जाणार आहे, हे आपल्या कागदात कुठेच नसते. त्या प्रकरणानंतर निवृत्त होईपर्यंत मी एक नियम पाळला. लाजेची गोष्ट सांगायला कोणी साक्षीदार तयार झाला, की मी लेखणी खाली ठेवून विचारत असे, "घरी सांगितलंय का?" नाही म्हणाला तर त्याला परत पाठवत असे. आधी घरी जा, मग या. तपास एक दिवस थांबेल.

काही साक्षीदार परत आले नाहीत. वरिष्ठांनी त्यासाठी मला दोनदा लेखी जाब विचारला. मी उत्तर दिले, पण कारण लिहिले नाही.