अक्कांचं बँकॉकचं खाचर

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी भोरच्या एसटी स्टँडवर होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घातलेले, त्यामुळे समोरची पाटी दिसेना, आणि वेल्ह्याकडची गाडी कुठली ते लोकांना विचारत फिरत होते. पुतण्या एवढंच म्हणाला, "काकी, आई गेली." मी म्हटलं, "बरं." त्या 'बरं'ची अजून लाज वाटते. गाडीत खिडकीशी बसून सारखा पदर डोळ्यांना लावत होते. कंडक्टरला वाटलं असेल, औषध झोंबतंय म्हातारीला…

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. विंझरला आमची घरं शेजारी शेजारी. दोघींचे नवरे गेले, मुलं शहरांकडे गेली, माझी लेक तर समुद्रापार, आणि उरलो आम्ही दोघी. त्या शेतातल्या, मी शाळेतली. मला हाक मारायच्या "मास्तरणी", आणि तीही अशा सुरात, की ही बाई काही कामाची नाही हे सगळ्या आळीला कळावं.

नऊ वर्षांपूर्वी लेकीच्या बाळंतपणाला मी मेलबर्नला निघाले. एकटी. वाटेत बँकॉकला सकाळी उतरायचं, रात्री दुसरं विमान, मधला सबंध दिवस मोकळा. विमानवाल्यांनी हॉटेलात खोली दिली होती. लेक म्हणाली होती, "आई, दारातून टॅक्सी कर आणि शहर बघून घे." मला काय, मी जन्मभर भूगोल शिकवलेला! नकाशावर छडी ठेवून थायलंडची राजधानी मुलांकडून घोकून घेतलेली. निघताना अक्कांनी एकच काम सांगितलं. "तितं बी भातच खात्यात म्हणं. लावणी कशी करत्यात तेवढं बघून ये. माझं काय जानं हुतंय."

आता खरं सांगते. या छडीवाल्या बाईसाहेब हॉटेलच्या चौदाव्या मजल्यावर गेल्या, दाराला आतून कडी घातली, कडीवर भरवसा नाही म्हणून खुर्ची लावली, आणि दिवसभर पलंगाच्या कडेवर बसून राहिल्या. पायात चपला तशाच. एकदा हिय्या करून लिफ्टपर्यंत गेले. लिफ्ट उघडली, आतली तिन्ही माणसं माझ्याकडे बघून हसली, छान हसली, आणि मी चोरी पकडल्यासारखी माघारी पळाले. खिडकीतून खाली गाड्यांच्या रांगा दिसत होत्या. काच उघडत नव्हती, त्यामुळे आवाज नव्हता. एवढं मोठं शहर, आणि माझं नाव घेऊन हाक मारेल असं त्यात कुणी नाही. नवरा जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. ते मला घरी कळलं नव्हतं, त्या खोलीत कळलं.

परत आल्यावर ओट्यावर बायका जमल्या. अक्का म्हणाल्या, "बगितलीस लावणी?" एवढ्या जणींपुढं 'घाबरले' कसं म्हणायचं? मी म्हटलं, "बघितली की!" आणि मग सुटलेच. रेडिओवर शेतीच्या कार्यक्रमात कधी काळी ऐकलेलं सगळं तिथल्या बायांच्या नावावर खपवलं. त्या बाया म्हणे दोरी ताणतात, दोरीच्या सरळ रेषेत रोप लावतात, दोन रोपांत वीतभर जागा सोडतात. मला वाटलं, झालं, संपलं. पुढल्या आषाढात अक्का दोरी घेऊन खाचरात उतरल्या.

बांधावर भावकी हसायला गोळा झाली. "अक्का, भात लावताय का मांडव घालताय?" अक्का चिखलातून ओरडल्या, "आमची मास्तरणी सोता बघून आलीय! तुमी कुठवर गेलताव रं, नसरापूरपातुर?" त्या वर्षी भात असा जोमानं आला, की हसणारे दोरीची लांबी विचारायला लागले. खाचराचं नावच बँकॉक पडलं. "बँकॉकात गुरं शिरली," असं कुणी सांगत आलं तरी कुणाला हसू येईना. लग्नाकार्यात अक्का मला पुढं ढकलायच्या, "सांग गं तितल्या बायांचं." मी सांगायची. दर वर्षी बायांच्या टोप्या बदलायच्या, गाणी बदलायची. आणि घरी आलं की मी पुन्हा त्या पलंगाच्या कडेवर…

यंदा अक्कांनी अंथरूण धरलं. मला एकच भीती, की माझं हे खोटं खरं मानूनच त्या जातील. आणि सांगावं, तर ज्या खाचराच्या जिवावर त्या गावाला गप्प करायच्या, तेच त्यांच्याकडून काढून घेतल्यासारखं. रोज सांगायला म्हणून जायची आणि पेज भरवून परत यायची. त्या जायच्या चार दिवस आधी, दुपारी, एकदाची बोलले. "अक्का, मी तिथं बाहेर पडलेच नव्हते. खोलीत बसून होते."

त्यांनी डोळे उघडले. "आन त्या बाया?"

"नव्हत्या."

"दोरी?"

"रेडिओवर ऐकलेली."

वाटलं, आता शिव्या येणार. मला त्या हव्याच होत्या. अक्का आढ्याकडे बघत म्हणाल्या, "भात तर खरा आला." मग मान वळवली. "दिसभर येकटीच बसलीस व्हय तितं?"

"हो."

"कुनाशी बोलली न्हाईस?"

"नाही."

"आन जेवलीस का?"

तुम्ही बांधून दिलेल्या दशम्या होत्या, घास उतरला नाही… असं सांगायचं सोडून मी पेजेची वाटी उचलून विसळायला गेले. नऊ वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. विचारणार तरी कसं? मी तर दिवसभर बँकॉक हिंडत होते ना!

तेराव्यानंतर पुतण्या आणि सूनबाई पुण्याला गेले. किल्ली माझ्याकडे आहे. अक्कांच्या सोप्यात त्यांची खाट उभी करून ठेवलीय. भिंतीशी जिथं त्या पाठ टेकून बसायच्या, तिथला तेवढा रंग उडालाय. दुपारी माझ्या घरात ताट वाढून घेतलं, की घास तोंडात फिरत राहतो. मग ताटावर ताट झाकून हातात घेते, दारातून बाहेर पडते, पंधरा पावलं चालते, कुलूप काढते आणि त्या उडालेल्या रंगाला पाठ लावून बसते. परगाव हिंडणं मला एवढंच जमलंय. ताट मात्र पुरतं संपवून उठते.